कोसीची सांडलेली पात्रे

महाराष्ट्रातील जुन्या मुलखांच्या नावांत ‘थडी’ हा शब्द वारंवार आढळतो. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, गोदावरीच्या काठचा तो गंगथडी. थडी म्हणजे तीर. नदीच्या तीरावरून मुलखास नाव द्यावयाचे तर ते तीर एका जागी राहिले पाहिजे, ही ह्या नामकरणामागील अनुच्चारित अट होय. आणि दख्खनच्या नद्यांनी ती बहुतांशी पाळलेली आहे. खडकात रुतलेले पात्र, दोहो बाजूंस उंच दरडी, आषाढात चढणारे आणि कार्तिकात तळ गाठणारे पाणी, असे त्यांचे सामान्य रूप आहे. ह्या नद्यांनीही पूर्वी गाळ साचविला व पुढे तोच कोरून काढला, हे डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी प्रवरा, मुळा-मुठा, घोड इत्यादी नद्यांच्या काठच्या थरांचा अभ्यास करून दाखविले आहे. परंतु ही घडामोड मुख्यतः उभ्या दिशेची आहे, आडव्या दिशेची नव्हे. त्यामुळे मराठी इतिहासलेखनात नदी सीमा म्हणून येते, लष्कराच्या मार्गावरील उतार म्हणून येते, तीर्थ म्हणून येते. स्वतःची जागा बदलणारी व त्यामुळे काठच्या माणसांचा इतिहास बदलणारी शक्ती म्हणून ती क्वचितच येते.

उत्तर बिहारच्या मैदानात ही अट लागू पडत नाही. तेथे ‘कोसीकाठ’ असे म्हटले तर ‘कोणत्या सालचा?’ असा प्रश्न विचारावा लागतो. ज्या गावाजवळून आजोबांच्या काळी होड्या जात होत्या त्या गावास नातवाच्या काळी नदी पाहण्यासाठी दिवसभराची वाट तुडवावी लागे, आणि ज्या गावाने नदी कधी पाहिली नव्हती त्याच्या अंगणात ती येऊन उभी राही. अशा भूमीचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा आणि ती साधने कितपत विश्वसनीय मानावयाची, हा प्रश्न केवळ भूगोलाच्या अभ्यासकांचा नाही.

कोसी म्हणजे संस्कृत वाङ्मयातील कौशिकी. सुनकोसी, अरुण व तमोर ह्या तीन मोठ्या प्रवाहांचा नेपाळात त्रिवेणी येथे संगम होतो आणि चतरा येथे ही एकवटलेली नदी पर्वतातील घळीतून मैदानात उतरते. तेथून दक्षिणेस वाहत जाऊन ती कुरसेला येथे गंगेस मिळते. अरुणेचा उगम हिमालयाच्या पलीकडे तिबेटात आहे. एव्हरेस्ट व कांचनगंगा ही दोन्ही शिखरे कोसीच्या पाणलोटात येतात. हा पर्वत भूशास्त्राच्या मानाने तरुण, ठिसूळ आणि भूकंपप्रवण आहे. पावसाळ्यात त्याच्या उतारांवरून निघणारा दगडगोटा, वाळू व माती कोटींच्या टनांत मोजावी लागते. घळीतून बाहेर पडताच उताराचा जोर एकाएकी ओसरतो, प्रवाह पसरतो आणि हे ओझे पुढे नेण्याचे सामर्थ्य नदीस उरत नाही. जड ते आधी पडते, हलके ते पुढे जाते. अशा रीतीने चतऱ्यापासून गंगेपर्यंत एखाद्या उघडलेल्या पंख्याप्रमाणे पसरलेला आणि दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा गाळाचा प्रदेश कोसीने रचला आहे. पूर्णिया, मधेपुरा, सहरसा, सुपौल हे जिल्हे म्हणजे कोसीने वसविलेला मुलूख होय.

पूरमैदान घडविण्याच्या नदीच्या सामान्यतः दोन रीती आहेत. पहिली म्हणजे काठावरून सांडण्याची. पुराचे पाणी पात्राबाहेर आले की त्याचा वेग तत्काळ मंदावतो. म्हणून भरड वाळू काठालगतच पडते आणि बारीक गाळ दूरवर जाऊन सखल भागांत निवळतो. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे नदीचे दोन्ही काठ आसपासच्या भूमीहून उंच होतात आणि मागे पाणथळ खोलगटे राहतात. मिथिलेत अशा सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या जागेस ‘चौर’ म्हणतात. काठाच्या उंच पट्टीवर वस्ती आणि चौरात भात व मासे, ही तेथील ग्रामरचना नदीच्या ह्या वर्तनाची सरळ नक्कल आहे.

दुसरी रीत वळणांची. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाह आदळतो व तो काठ खचतो. आतल्या काठाजवळ पाणी संथ असल्याने तेथे वाळू साचते. एका काठची जमीन जाते आणि समोर नवी जमीन निघते. वळण वाढत वाढत इतके गोल होते की त्याची दोन टोके एकमेकांस भिडू पाहतात; एखाद्या पुरात मधली अरुंद मान तुटते आणि टाकलेले वळण तळे होऊन राहते. उत्तर बिहारात अशा तळ्यास ‘मन’ हे नाव आहे. वोलमन व लिओपोल्ड ह्यांनी अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, पूरमैदानाचा बराच मोठा भाग पुराने वरून पसरलेल्या गाळाचा नसून वळणे सरकत असताना आतल्या काठावर साचलेल्या गाळाचा असतो. पुरामुळे मैदान होते, ही सर्वसामान्य समजूत ह्या निबंधाने पुष्कळच दुरुस्त केली. नदी मैदानावरून वाहते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती मैदान एका बाजूने मोडीत व दुसऱ्या बाजूने मांडीत जाते.

कोसीसारख्या नदीत मात्र ह्या दोन रीतींतून एक तिसरी निष्पन्न होते व तीच तेथील इतिहासास निर्णायक ठरली आहे. गाळ पात्राच्या तळातही साचतो. तळ वर येतो, काठही वर येतात, आणि काही काळाने नदी आसपासच्या मुलखाहून उंच अशा एका कण्यावरून वाहू लागते. ह्या अवस्थेत एखाद्या पुराने काठ फुटला की पाणी खालच्या बाजूस धाव घेते आणि परत येत नाही. नदी आपले पात्रच सोडते. वळण सरकण्यास वर्षे लागतात. पात्र सोडण्यास एक पावसाळा, प्रसंगी एक रात्र पुरते. सोडलेल्या पात्रास तिकडील बोलीत ‘छाडन’ किंवा ‘छाडन धार’ म्हणतात.

येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असे काहीतरी आहे. ‘छाडन’ ज्यापासून आला ते ‘छाडना’ हे क्रियापद आणि मराठीतील ‘सांडणे’ ही एकाच प्राकृत कुळातील मानली जातात. ज्ञानेश्वरीच्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, त्यागणे. आजच्या मराठीत सांडणे म्हणजे भरून बाहेर येणे, ओसंडणे, आणि धरणाचा सांडवा त्यावरूनच आला. शब्दाचे हे दोन अर्थ कालक्रमाने वेगळे पडले असले तरी कोसीच्या मैदानात ते एकाच घटनेचे दोन टप्पे आहेत. नदी आधी पाणी सांडते, मग पात्र सांडते. बिहारी बोलीत ह्यांपैकी एकच अर्थ प्रवाहाच्या नावात स्थिरावला, कारण तेथील शेतकऱ्यास सांडलेल्या पाण्याहून सांडलेल्या पात्राशी अधिक काळ संसार करावा लागला.

कोसीच्या पूर्वीच्या मार्गांचा सर्वांत जुना तपशीलवार वृत्तान्त फ्रान्सिस बुकॅनन ह्याचा आहे. कंपनी सरकारच्या आज्ञेने त्याने १८०९-१० मध्ये पूर्णिया जिल्ह्याची पाहणी केली. त्या वेळी तेथील जाणत्या लोकांनी त्यास सांगितले की, पूर्वी कोसी चतऱ्याहून आजच्याप्रमाणे दक्षिणेस न जाता पूर्वेस वळत असे आणि पुष्कळ खाली जाऊन गंगेस मिळत असे; तिची जुनी पात्रे अद्याप दाखविली जातात व त्यांस ‘बूढी’ अथवा ‘मरा’ कोसी म्हणतात. बुकॅननची ही नोंद पुढील जवळजवळ प्रत्येक लेखकाने आधारास घेतली आहे. परंतु तिचे नेमके मूल्य काय, ह्याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. बूढी म्हणजे वृद्ध, मरा म्हणजे मृत. ही विशेषणे एक गोष्ट निश्चितपणे सांगतात: ह्या मार्गाने कधीकाळी कोसीचे मुख्य पाणी जात होते व आता जात नाही. अनेक मृत पात्रांपैकी आधीचे कोणते व नंतरचे कोणते, हे ती सांगत नाहीत. वृद्ध व मृत ह्या भेदावरूनही क्रम ठरविता येत नाही. एखादे पात्र बूढी म्हणविते ते त्यात अजून थोडे पाणी वाहते म्हणून, ते अलीकडचे आहे म्हणून नव्हे. पूर्णिया व कटिहारकडील कारी कोसी, म्हणजे काळी कोसी, हे नावही पाण्याच्या रंगावरून पडलेले दिसते. स्थलनामे इतिहासाचे साधन आहेत हे खरे. पण ती शिलालेखाप्रमाणे शक घालून येत नाहीत.

नावांनंतर नकाशे. जेम्स रेनेलने १७६४ पासून बंगालच्या नद्यांची मोजणी केली व त्याचा बंगालचा नकाशासंग्रह १७७९ ते १७८१ ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्यानंतर महसुली मोजण्या झाल्या, निळीच्या मळेवाल्यांनी व अभियंत्यांनी आपापले नकाशे काढले. ह्या नकाशांना शास्त्रीय चौकट देण्याचा आरंभीचा एक प्रयत्न जेम्स फर्ग्युसनचा. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील अलीकडील फेरबदलांवर त्याने १८६३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात निबंध लिहिला आणि नदीच्या वळणांचा विस्तार तिच्या पाण्याच्या प्रमाणात असतो, असा नियम मांडला. (भारतातील लेण्यांवर जेम्स बर्जेससमवेत ग्रंथ लिहिणारा तो हाच; निळीच्या व्यापारात असताना त्याने बंगालच्या नद्या पाहिल्या होत्या. पुण्याच्या महाविद्यालयास ज्याचे नाव आहे तो गव्हर्नर निराळा.) कोसीविषयी स्वतंत्र निबंध १८९५ साली शिलिंगफर्डने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. नदीच्या मार्गांतील बदल व त्यांपासून संभवणारे धोके, असा त्याचा विषय होता. नदी पश्चिमेस गेली म्हणून पूर्वेकडील मुलूख कायमचा सुटला असे मानू नये, तिचे परतणे संभवनीय आहे, ह्या दिशेने त्याचे विवेचन जाते.

विसाव्या शतकात ह्या प्रश्नाचा धागा पुण्यापाशी येतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकास ठाऊक असावयास हवी. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस ह्यांच्या मार्गदर्शनाखाली नद्यांची वळणे प्रतिकृतींत निर्माण करून त्यांचे नियम शोधण्याचे प्रयोग झाले, आणि १९४९ साली त्यांचा नद्या व कालवे ह्यांच्या वर्तनावरील ग्रंथ बाहेर पडला. त्याच केंद्रातील गोळे व चितळे ह्या अभियंत्यांनी १९६६ साली अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात कोसीवर निबंध लिहिला. समुद्रापासून दूर, भूमीच्या अंतर्भागात एखादी नदी त्रिभुज प्रदेश कसा रचते, हा त्याचा विषय. त्यात कोसीची निरनिराळ्या सालांतील पात्रे एकाच नकाशावर रेषांनी दाखविली होती: १७३१ च्या सुमारास पूर्णियाजवळ, आणि तेथून क्रमाक्रमाने पश्चिमेस सरकत विसाव्या शतकाच्या मध्यास निर्मलीच्या बाजूस. सुमारे सव्वादोनशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर. हे चित्र इतके ठसठशीत होते की भूरूपशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नदीच्या स्थलांतराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणून कोसी जगभर गेली.

ह्या चित्राविषयी आदर बाळगूनही काही प्रश्न विचारणे प्राप्त आहे. नकाशावरील रेषा सालवार असल्या तरी सालांमधील अंतरे सारखी नाहीत. दोन नकाशांच्या मधल्या तीसचाळीस वर्षांत नदी कोठे कोठे जाऊन आली, हे नकाशा सांगत नाही. ती जागा अनुमानाने भरली जाते. शिवाय कोसीस एकाच वेळी अनेक धारा असत. त्यांपैकी ‘मुख्य’ कोणती, हे मोजणीदाराने आपल्या भेटीच्या ऋतूतील पाण्यावरून ठरविलेले असणे संभवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे आली हे एक विधान, आणि ती पावलापावलाने त्याच एका दिशेने येत गेली हे दुसरे विधान. पहिल्यास नकाशांचे दोन टोकांचे पुरावे पुरतात. दुसऱ्यास पुरत नाहीत. ‘सरकली’ ह्या क्रियापदात सातत्याचा जो अर्थ आहे तो पुराव्यातून आलेला नसून भाषेतून आलेला आहे.

हा संशय निराधार नव्हता, हे पुढे दिसून आले. १७६० ते १९६० ह्या दोन शतकांतील जुने नकाशे नव्याने तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की, कोसीच्या अखंड पश्चिमगामित्वास ह्या नकाशांचा आधार मिळत नाही. नदी मागेपुढे झोके घेत, जुनी पात्रे पुन्हा धरीत व सोडीत राहिली आहे. हा निष्कर्ष सर्वांनीच पूर्णतः मान्य केला आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत नदीचा कल पश्चिमेकडे होता, हे नाकारणे कठीण आहे. तथापि त्या कालखंडातील अनुभव मागे लोटून संपूर्ण इतिहासास लावणे ही पद्धतीची चूक होय, एवढे तरी मान्य करावे लागते. इतिहासाच्या इतर शाखांतही ती अपरिचित नाही.

सावकाश की अकस्मात, हा भेद केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हता. ह्यावर माणसांची जमीन अवलंबून होती. बंगाल सरकारने १८२५ साली आपला अकरावा रेग्युलेशन केला तो नदीने आणलेल्या व नेलेल्या जमिनीच्या मालकीसंबंधी होता, आणि पूर्णिया व भागलपूर हे जिल्हे त्याच्या कक्षेत येत. त्यातील तत्त्व थोडक्यात असे: जेथे स्पष्ट व रूढ असा स्थानिक वहिवाटीचा नियम असेल तेथे तो चालावा. तसा नसेल, तर नदीच्या हळूहळू मागे हटण्याने अथवा गाळ साचून जी जमीन वाढेल ती ज्याच्या जमिनीस लागून असेल त्याची. मात्र नदीने एकाएकी पात्र बदलून एखाद्याच्या जमिनीचा ओळखता येण्याजोगा तुकडा तोडला व पलीकडे टाकला, तर तो मूळ मालकाचाच राहील. मोठ्या नदीत बेट निघाले व काठ आणि बेट ह्यांच्यामधील पाणी पायउतार नसले, तर ते सरकारचे. पायउतार असले तर लगतच्या मालकाचे.

कायद्याची सारी इमारत एका क्रियाविशेषणावर उभी आहे. ‘हळूहळू’ ठरले तर जमीन एकाची, ‘एकाएकी’ ठरले तर दुसऱ्याची. वळणे सरकविणाऱ्या नदीस हा भेद चांगला लागू पडतो. पात्र सोडणाऱ्या कोसीस तो कसा लावावयाचा? नदी एका पुरात आली खरी. पण ती जाताना मागे जी जमीन ठेवून गेली ती ओळखता येण्याजोगी राहिली नव्हती. बांध, झाडे, विहिरी, शिवेचे दगड वाळूखाली गेले. आणि ज्या चौरावर चार हात वाळू चढली तो चौर कायद्याने त्याच मालकाचा असला तरी तो चौर राहिला नव्हता.

ह्या व्यवहारातील महसुली शब्द मराठी वाचकास अनोळखी नाहीत. नदीने खाल्लेल्या जमिनीस बंगालकडे ‘शिकस्ती’ व नव्याने लागून आलेल्या जमिनीस ‘पयस्ती’ म्हणत. बिहारच्या दप्तरांत ‘गंगशिकस्त’ व ‘गंगबरार’ असे जोडशब्द येतात. त्यातील ‘गंग’ म्हणजे भागीरथीच असे नव्हे; आपल्या गंगथडीतील गंग जशी गोदावरी, तशी तेथे कोणतीही नदी. शिकस्त हा फारसी शब्द मोडणे, तुटणे ह्या अर्थाचा. मराठीत तो प्रयत्नांची शिकस्त करताना येतो, म्हणजे मोडेपर्यंत प्रयत्न करणे. पयस्ती म्हणजे फारसी ‘पैवस्त’, जोडलेले. पेशवे दप्तराचे वाचन करणाऱ्यास पत्राच्या माथ्यावरील ‘पैवस्ती’ची नोंद परिचित असते: पत्र ज्या तारखेस येऊन पोहोचले ती तारीख. एकाच शब्दाने पुण्यास पत्राचे आगमन नोंदविले आणि बंगालात जमिनीचे. फरक एवढाच की पुण्याच्या कारकुनाने पैवस्तीबरोबर तारीख घातली. पूर्णियाच्या महसुली नोंदींत जमीन पैवस्त झाल्याचे कळते, पण ती एका पावसाळ्यात की वीस पावसाळ्यांत, हे बहुधा दावा उभा राहिल्यावरच कोणी विचारले.

नीळ आणि तागाच्या काळात कोसीच्या काठी पेठा वाढल्या व नदीने त्या नेल्या. नाथपूर ही पूर्णिया जिल्ह्यातील एके काळची मोठी व्यापारपेठ अशीच नदीच्या पोटात गेली. निर्मली ते भपटियाही हा १८८७ मधील लोहमार्ग १९३४ च्या भूकंपाने व पुराने उखडला. मिथिलेचे दोन भाग रेल्वेच्या दृष्टीने तुटले, ते २०२० च्या सप्टेंबरात नवा पूल खुला झाला तेव्हा पुन्हा जोडले गेले. शहाऐंशी वर्षे लागली. मलेरियाचा फैलाव हा आणखी एक परिणाम: सोडलेल्या पात्रांतील साचलेल्या पाण्यामुळे पूर्णियाची हवा सरकारी नोकरांत कुप्रसिद्ध झाली होती. फणीश्वरनाथ रेणूंच्या १९५४ मधील ‘मैला आँचल’ ह्या कादंबरीचा नायक मलेरियावर संशोधन करण्यासाठी आलेला डॉक्टर आहे, हा योगायोग नव्हे. आणि १९५७ मधील ‘परती : परिकथा’चा विषयच मुळी कोसीने टाकून दिलेली पडीक भूमी हा आहे.

नदीस बांध घालून एका जागी धरावे की नाही, ह्याविषयी मतभेद जुने आहेत. १९३७ च्या नोव्हेंबरात पाटण्यास भरलेल्या पूरपरिषदेत प्रांताचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल ह्यांनी बांधांविरुद्ध स्पष्ट मत दिले होते. बांधांमुळे पूर टळत नाहीत, उलट पाण्याच्या व गाळाच्या पसरण्यास अडथळा होऊन संकट साठत जाते, असा त्यांचा अनुभवसिद्ध अभिप्राय होता. स्वातंत्र्यानंतर मात्र परिस्थिती बदलली. १९५३ व १९५४ च्या पुरांनी उत्तर बिहार हवालदिल झाला. २५ एप्रिल १९५४ रोजी भारत व नेपाळ ह्यांच्यात कोसी प्रकल्पाचा करार झाला, १९५५ साली बांधांचे काम सुरू झाले आणि १९६२-६३ च्या सुमारास भीमनगरजवळचा बराज पुरा झाला. पश्चिमेस जाणारी नदी आणखी पश्चिमेस जाऊन दरभंग्याकडील मुलूख बुडवील, ही भीती ह्या निर्णयामागे होती. म्हणजे नकाशावरील त्या सालवार रेषांनी शास्त्राइतकेच धोरणही घडविले होते.

बांधांनी नदीची आडवी गती थांबविली. उभी गती थांबविली नाही, ती थांबविता येण्याजोगी नव्हती. पूर्वी जो गाळ दहा हजार चौरस किलोमीटरांवर वाटला जात होता तो दोन बांधांमधील पट्ट्यात पडू लागला. नदीचा तळ वर आला. बांधाबाहेरची जमीन खालीच राहिली. ह्या पट्ट्यात शेकडो गावे आहेत. त्यांच्या दृष्टीने जुनी कोसी संपली नाही. उलट पूर्वी पिढीतून एकदा येणारी नदी आता दरवर्षी येते, धारा बदलते, घरे उठविते. पुनर्वसनासाठी बांधाबाहेर घराच्या जागा मिळाल्या. शेते मात्र आतच राहिली. पुष्कळ कुटुंबे शेताच्या ओढीने परत आत गेली.

१८ ऑगस्ट २००८ रोजी बराजच्या वर सुमारे १२ किलोमीटरांवर, नेपाळातील कुसहा येथे पूर्वेकडील बांध फुटला. त्या दिवशी नदीतील पाणी सेकंदाला सुमारे १ लक्ष ४४ हजार घनफूट होते. बराज साडेनऊ लक्ष घनफुटांसाठी योजलेला आहे आणि १९६८ च्या ऑक्टोबरात ९ लक्ष १३ हजार घनफुटांचा पूर त्यातून गेला होता. तेव्हा कुसहाचे संकट हे पाण्याच्या आधिक्याचे नव्हते. नदी आपल्या कण्यावरून उतरण्याच्या स्थितीस आली होती व तिला वाट मिळाली. बहुतेक सारे पाणी जुने पात्र सोडून पूर्वेस वळले आणि सुपौल, मधेपुरा, अररिया, पूर्णिया, सहरसा ह्या जिल्ह्यांतून रुंद पट्टा करीत गंगेकडे गेले. सुमारे शंभर किलोमीटरांहून अधिक पूर्वेस. बिहारात तीस लाखांहून अधिक लोक ह्या पुरात सापडले. त्यांपैकी पुष्कळांची गावे बांधांमुळे सुरक्षित म्हणून गणली जात होती, आणि तेथे पुरासाठी होड्याही ठेवल्या जात नव्हत्या.

ह्या नव्या मार्गात ज्या खळग्यांतून पाणी प्रथम धावले ते नवे नव्हते. सुरसर आदी छाडन धारा, ज्या महसुली नकाशांत ओहोळ म्हणून आणि लोकांच्या बोलण्यात मृत म्हणून नोंदल्या होत्या, त्याच भरून वाहिल्या. बुकॅननला दोनशे वर्षांपूर्वी दाखविलेल्या ‘मरा’ पात्रांपैकी कोणती ह्यांत येतात, ह्याचे गावागणिक काम झाले तर त्याच्या वृत्तान्ताचा अर्थ आजच्याहून पुष्कळ स्पष्ट होईल. त्यासाठी बुकॅननच्या पाहणीतील नावे, महसुली मोजणीचे गावनकाशे आणि पुराच्या दिवसांतील उपग्रहचित्रे एकत्र मांडावी लागतील. ग्रियर्सनने १८८५ साली ‘बिहार पेझंट लाइफ’ ह्या ग्रंथात जमिनीचे व मातीचे जे शब्द गोळा केले त्यांचाही उपयोग करावा लागेल, कारण गावकरी पात्राचे नाव विसरला तरी मातीचे विसरत नाही.

कुसहाचे खिंडार २००९ च्या आरंभी बुजविण्यात येऊन नदी पुन्हा बांधांमध्ये वळविली गेली. पाणी गेले, वाळू राहिली. १८२५ च्या तत्त्वाने पाहिले तर ह्या शेतांच्या मालकीत काही फरक पडला नाही: नदी एकाएकी आली, एकाएकी गेली, शिवा मोजणीने पुन्हा काढता येतात. मात्र शेत कसावयाचे तर वाळू उपसावी लागते, आणि उपसलेली वाळू टाकावयास शेजाऱ्याचे शेतच असते. त्या भागात हलक्या रेताड मातीस ‘बलसुंदरी’ म्हणतात. कोसीने पूर्वी टाकलेल्या वाळूवर गवत उगवून, कुजून, पुढच्या पुरांचा बारीक गाळ वर बसून ती तयार झाली. आता त्या शेतांवर बांधांमुळे बारीक गाळाचे पूर येत नाहीत.